बदली झालेले गाव

बदलीची नोकरी पत्करलेल्या माणसास एक प्रश्न जन्मभर चुकत नाही. आगगाडीच्या डब्यात असो वा नव्या कचेरीत असो, ओळख होऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच समोरचा गृहस्थ विचारतो, "आपण मूळचे कुठले?" मग आपण एखाद्या गावाचे नाव सांगतो. त्या गावी आपल्या घराचे जोते तेवढे उरलेले असते, सातबाऱ्यावर पाचसहा चुलतभावांच्या मागे आपले नाव असते, आणि गेल्या कित्येक वर्षांत आपण तेथे एक रात्रही काढलेली नसते. तरीही ते उत्तर खोटे आहे असे आपणांस वाटत नाही. ते कशामुळे खरे ठरते याचा विचार मात्र आम्ही कधी केला नव्हता. तो करण्याचा प्रसंग आला तो घरापासून फार दूर, फिलिपाईन्स देशातील एका जुन्या गावी. त्या गावाचे नाव ताआल.

मनिला शहरी सरकारी कामासाठी आम्ही तिघे गेलो होतो. तिघेही महाराष्ट्राबाहेर नोकरीत केस पांढरे केलेले. कामाच्या धामधुमीत एक रविवार मोकळा सापडला आणि पहाटेच मोटारीने दक्षिणेची वाट धरली. निघण्यापूर्वी एका स्थानिक अधिकाऱ्याने आम्हांस सांगितले होते की, तागालोग भाषेत 'ताआल' या शब्दाचा अर्थ 'अस्सल', 'मूळचा', 'त्याच मातीतला' असा होतो. गावाचे नाव याच अर्थावरून पडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गावाच्या नावाचा अर्थ 'मूळचा' असा निघतो, ते गाव स्वतः मात्र आपल्या मूळच्या जागी नाही, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटली. आपल्या परिभाषेत सांगायचे तर त्या गावाची बदली झालेली आहे, आणि त्या बदलीच्या हुकुमावर सही एका ज्वालामुखीची आहे.

मनिलाच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरांवर तागायताय नावाचे ठिकाण आहे. तेथवर रस्ता इतका हळूहळू चढत जातो की आपण उंचावर आलो हे हवेतील गारव्यानेच कळते. आणि मग एकाएकी दक्षिणेकडची जमीन पायांखालून नाहीशी होते. खाली अफाट सरोवर, सरोवराच्या मध्यभागी एक बेट, आणि त्या बेटावर उतरत्या कडांचे, माथा उडालेले टेकाड. जगातील अत्यंत घातक ज्वालामुखींत ज्याची गणना होते तो ताआल ज्वालामुखी तो हाच. त्याची उंची अवघी ३११ मीटर. आपल्या सिंहगडापुढे तो उभाच राहू शकणार नाही. परंतु हे दृश्य समजून घ्यावयाचे तर नजर त्या टेकाडावरून काढून सभोवार फिरवावी लागते. ज्या कड्यावर आपण उभे असतो तो कडा आणि समोरचे क्षितिजापर्यंतचे डोंगर मिळून एकाच प्रचंड विवराची कड आहे. प्राचीन काळी महाभयंकर उद्रेकांनंतर येथील भूमी आत ढासळली, त्या खळग्यात पाणी साठले, आणि आज जे बेट दिसते ते त्या जुन्या राक्षसाचे केवळ एक लहानसे तोंड आहे.

ज्वालामुखी हे आम्हां मराठी माणसांस परके प्रकरण वाटते. वस्तुतः ज्या काळ्या पत्थराचा आपणांस अभिमान, तो सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेला लाव्हाच होय. फरक इतकाच की आपली आग विझून युगे लोटली. येथील माणसे ती धगधगत असतानाच तिच्याशेजारी संसार मांडून बसली आहेत.

तागायतायहून घाट उतरून आम्ही सरोवराच्या नैऋत्य तीरावरील सॅन निकोलास या गावी आलो. ताआल पाहावयाचे तर प्रथम येथे यावे, कारण मूळचे ताआल ते येथे होते. स्पॅनिश अंमल या बेटांवर बसू लागला त्याच सुमारास, १५७२ साली, ऑगस्टीनपंथी पाद्र्यांनी सरोवराकाठी या गावाची स्थापना केली. सरोवराला तेव्हा बोंबोन म्हणत. पुढे गाव भरभराटले. १७३२ पासून ते प्रांताचे मुख्य ठाणे झाले. म्हणजे कचेरी, कोठार, फौजदारी, वसूल, सगळे येथे. या भरभराटीचे कारण सरोवराच्या भूगोलात होते. त्या काळी सरोवर आणि दक्षिणेकडील बालायानचा उपसागर यांमधील जलमार्ग रुंद होता. समुद्रावरची गलबते थेट सरोवरात येत, आणि सरोवराचे पाणी खारे असे.

१७५४ सालच्या १५ मे रोजी बेटावरचा पर्वत जागा झाला. तो पूर्ण शांत झाला डिसेंबरच्या आरंभी, म्हणजे जवळजवळ दोनशे दिवसांनी. ताआलचा तेव्हाचा धर्मगुरू फ्रान्सिस्को बेन्कुचिल्यो याने डोळ्यांनी पाहिलेले सारे लिहून ठेवले, म्हणून आपणांस या घटनेचा वृत्तांत ज्ञात आहे. हा उद्रेक सतत एकसारखा नव्हता. मध्येच तो ओसरे, लोक छपरांवरची राख झाडून शेताकडे वळत, आणि पुन्हा गडगडाट होई. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र त्याने कळस गाठला. राखेने आणि दगडांनी घरे बसली, भरदिवसा अंधार झाला, सरोवराच्या लाटांनी तीरावरची वस्ती धुतली. गावकरी आणि त्यांचा धर्मगुरू समुद्राच्या बाजूस कायसासाय येथील देवस्थानाच्या आश्रयास गेले. ताआल, लिपा, साला आणि तानाउआन ही सरोवराकाठची चारही गावे उद्ध्वस्त झाली.

राखेने आणि दगडांनी समुद्राची वाट बुजत गेली. उरली ती पान्सिपित नावाची नऊएक किलोमीटरांची अरुंद नदी. पाण्यास वाट न मिळाल्याने सरोवराची पातळी चढली, काठची जमीन बुडाली, आणि पावसाच्या पाण्याने सरोवर हळूहळू गोडे झाले. आत राहिलेल्या सागरी जीवांची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. येथे 'ताविलिस' नावाची एक मासळी मिळते. ती आपल्या तारलीच्या कुळातली, म्हणजे जातीने समुद्राची, परंतु जन्मभर गोड्या पाण्यात राहणारी. जगात दुसऱ्या कोठेही ती आढळत नाही. तिच्या जोडीला सागरी सर्पांच्या कुळातला एक सापही या सरोवराचा कायमचा रहिवासी होऊन बसला आहे. बदलीच्या ठिकाणी निवृत्त होऊन तेथेच घर बांधणारे गृहस्थ आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. येथे ती रीत जलचरांनीही उचललेली दिसली.

सॅन निकोलासमध्ये जुन्या ताआलच्या चर्चचे अवशेष आहेत. काही भिंती, त्यांवर चढलेल्या वेली, मध्ये गवत. शेजारी मुले खेळत होती, आणि कोणाच्या तरी अंगणात मासळी वाळत घातली होती. येथे पोहोचल्यावर आमच्यापैकी एकजण, जे वाटेत सर्वांत अधिक बोलत होते, ते एकदम गप्प झाले. त्यांच्या वडिलांचे गाव १९६०च्या दशकात कोयनेच्या जलाशयाखाली गेले. त्यांचा स्वतःचा जन्म पुनर्वसनाच्या गावचा. मूळ गाव त्यांनी पाहिले ते पाण्यावरून, होडीतून, वडील बोटाने दाखवीत असता: येथे देऊळ, येथे आपला वाडा, येथे पार. पाण्यावर तर काहीच दिसत नव्हते.

ते त्या भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले. जवळच एक वृद्ध गृहस्थ बसले होते, त्यांस इंग्रजी येत होते. आमच्या मित्राने त्यांस विचारले, "नव्या ताआलचे लोक येथे येतात काय?" वृद्ध म्हणाले, "येतात कधीमधी. पण त्यांना पाहण्यासारखे येथे आहे काय? संत मार्टिन तर तिकडेच आहे ना!" आमच्या मित्राने मान डोलावली. मोटारीत बसल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडेही भैरोबा आधी हलवला. माणसे मागून गेली."

नव्या ताआलची उभारणी कशी झाली हे त्या एका वाक्यात आले होते. १७५५ साली गाव समुद्राकडे, कायसासायच्या वरच्या टेकाडावर वसवण्यात आले. ही जागा का निवडली? कायसासायचे देवस्थान आधीच होते. १६०३ साली हुआन मानिंगकाद नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात पान्सिपित नदीत मेरीमातेची एक वीतभराहून थोडी मोठी लाकडी मूर्ती आली, अशी कथा आहे, आणि तेव्हापासून त्या स्थानाचे माहात्म्य वाढत गेले. संकटकाळी ज्या ठिकाणी आसरा मिळाला त्याच्याच छायेत गावाने पुन्हा घर केले. सोबत आणले ते तीनच जिन्नस: गावाचे नाव, गावाचा संत, आणि एकमेकांचा शेजार. प्रांताचे मुख्य ठाणे मात्र परत आले नाही. ते १७५४ सालीच बातांगासला गेले, आणि पुढे त्या प्रांताचे नावही बातांगास झाले. कचेरी गेली तरी गाव राहते, ही गोष्ट आम्हां कचेरीवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता उभे असलेले संत मार्टिनचे चर्च हे या टेकाडावरचे दुसरे. १७५५ सालच्या चर्चला १८४९ सालच्या भूकंपाने तडाखा दिला, तेव्हा १८५६ पासून हे बांधावयास घेतले. लुसियानो ओलिव्हेर हा त्याचा वास्तुकार. १८६५ साली उद्‌घाटन झाले आणि १८७८ साली काम पुरे झाले. लांबी जवळजवळ ९० मीटर. आशियातील सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्याची गणना होते, आणि एवढ्याशा गावाला एवढे मोठे चर्च कशास, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही. आम्हांस वाटते, ज्या गावाचे सर्वस्व एकदा राखेखाली गेले, त्याला पुन्हा बांधताना लहान बांधवलेच नसेल. आम्ही गेलो तो रविवार. आत प्रार्थना चालू होती आणि दारापर्यंत माणसे उभी होती. दक्षिणेस छपरांच्या पलीकडे बालायानचा निळा उपसागर चमकत होता. चर्चच्या टेकाडावरून दगडी पायऱ्यांची एक जुनी वाट खाली कायसासायकडे उतरते. बाया, मुले, म्हातारी माणसे तीवरून सावकाश चढत-उतरत होती. जेजुरीच्या पायऱ्या चढलेल्या माणसास हे दृश्य नवे नव्हते.

गावातील रस्ते सरळ, आणि दोहों बाजूंस जुनी घरे. खाली दगडी भिंत, वर लाकडी माडी, आणि माडीच्या सरकत्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने. ती पाहताच गोव्याची जुनी घरे आठवली, कारण तेथेही अशीच शिंपल्यांची तावदाने आहेत. ऊन त्यांतून दुधासारखे गाळून येते.

यांपैकी एका घरात मार्सेला मारिन्यो आणि तिचा पती फेलिपे आगोन्सिल्यो यांचे स्मारक-संग्रहालय आहे. फेलिपे वकील होता. स्पॅनिश सत्तेचा रोष ओढवल्यामुळे त्याला देश सोडावा लागला आणि हे कुटुंब हाँगकाँगला जाऊन राहिले. तेथे १८९८ सालच्या मे महिन्यात एमिलियो आगिनाल्दोच्या विनंतीवरून मार्सेलाने आपली मुलगी लोरेन्सा आणि रिझालची भाची देल्फिना यांच्या मदतीने फिलिपाईन्सचा पहिला राष्ट्रध्वज शिवला. काम पाच दिवसांचे. सूर्याला आठ किरण, बंडात प्रथम उठलेल्या आठ प्रांतांचे म्हणून. त्यांत एक किरण बातांगासचा. १२ जून १८९८ रोजी काविते येथे तो ध्वज स्वातंत्र्याच्या घोषणेसह फडकवण्यात आला. परमुलखात, भाड्याच्या घरात बसून एका गृहिणीने आपल्या देशाचा ध्वज शिवावा, यात जो अर्थ आहे तो दूरदेशी राहणाऱ्या वाचकांस उकलून सांगण्याची गरज नाही.

फेलिपेच्या वाट्यास आलेले काम याहून कठीण होते. नव्या प्रजासत्ताकाचा वकील म्हणून तो वॉशिंग्टनला गेला, अध्यक्ष मॅकिन्ली यांस भेटला, मग पॅरिसला गेला. तेथे स्पेन आणि अमेरिका यांच्यामध्ये तह ठरत होता. ज्या देशाविषयी बोलणी चालली होती त्या देशाच्या प्रतिनिधीला मात्र बैठकीत जागा मिळाली नाही. १० डिसेंबर १८९८ रोजी तहावर सह्या झाल्या. दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने फिलिपाईन्स घेतले. फेलिपेने लेखी निषेध नोंदवला. तो निषेध कोणी मनावर घेतला नाही, परंतु तो नोंदवलेला आहे. पुढे १९०७ ते १९१९ या काळात तो ध्वज लावण्यास अमेरिकी अंमलात कायद्याने बंदी होती. फेलिपे १९४१ साली वारला. मार्सेला ३० मे १९४६ रोजी वारली. ४ जुलै १९४६ रोजी देश स्वतंत्र झाला. पाच आठवड्यांचे अंतर. १९६२ पासून त्या देशाचा स्वातंत्र्यदिन १२ जून मानला जातो, म्हणजे मार्सेलाचा ध्वज प्रथम फडकला तो दिवस. उशिरा का होईना, निषेधाची दखल घेतली गेली असेच आम्ही समजतो.

दुपारी एका खाणावळीत ताविलिस आणि भात घेतला. नंतर 'कापेंग बाराको' नावाची दमदार कॉफी आली, आणि तिच्याबरोबर 'पानुत्सा'. पानुत्सा म्हणजे गुळासारख्या साखरेत घोळलेल्या भुईमुगाच्या दाण्यांची चकती, निव्वळ आपली शेंगदाण्याची चिक्की! टोपलीत चिक्कू होते, आणि त्यांस येथेही 'चिको' म्हणतात. आपल्या देशी आणि त्यांच्या देशी पोचलेले हे फळ मूळचे मेक्सिकोकडचे. तेथून मनिलाला येणारी स्पॅनिश गलबते १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे ये-जा करीत होती. भुईमूगही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तेव्हा 'मूळचे कुठले' हा प्रश्न चिक्कूला आणि चिक्कीलाही विचारता येईल.

गप्पांत भाषेचा विषय निघाला. तागालोगमध्ये शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा', गरिबाला 'दुखा' म्हणतात. हे ऐकून आमच्यापैकी एकास भरते आले आणि 'आपली संस्कृती' असे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. आम्ही त्यांस आवरले. हे शब्द मलाय आणि जावा यांच्या मार्गाने, अनेक पिढ्यांच्या व्यापारातून तेथे पोचले. ते कोणी जिंकून लादले नाहीत आणि आता ते सर्वस्वी त्यांचे आहेत. शेजारच्या लागुना प्रांतात १९८९ साली एक ताम्रपट सापडला. त्यावर शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन ९००. आपल्या घरच्या लग्नपत्रिकेवर जो शक छापतो तोच. आणि मजकूर काय? राजाची स्तुती नाही, विजयाचे वर्णन नाही. एका कुटुंबावरील सोन्याचे कर्ज फिटले, त्यांच्यावर आता कोणाचा दावा नाही, असा तो दाखला आहे. आपल्या दप्तरात ज्याला फारखत म्हणतात तेच. अकराशे वर्षांपूर्वी कोण्या कारकुनाने चोख तारीख घालून एक कागद पुरा केला, आणि त्या देशाचा ज्ञात लिखित इतिहास तेथपासून मोजला जातो. आम्हां तिघांस त्या कारकुनाविषयी मोठी आपुलकी वाटली.

परतण्यापूर्वी पुन्हा पर्वताकडे नजर गेली. त्याचा हिशेब १७५४ साली संपलेला नाही. ३० जानेवारी १९११ रोजी त्याने बेटावरच्या वस्त्या आणि भोवतालची खेडी मिळून १,३३५ माणसे घेतली. २८ सप्टेंबर १९६५ रोजी तो पुन्हा फुटला आणि शेकडो माणसे दगावली. त्या वेळी राख आणि वाफ यांचा एक लोट जमिनीलगत सर्व दिशांस वेगाने पसरला. अणुबाँबच्या स्फोटात असा लोट दिसलेला होता. ज्वालामुखीही तो निर्माण करतो हे शास्त्रज्ञांस ताआलच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. अलीकडे १२ जानेवारी २०२० रोजी राखेचा स्तंभ कित्येक किलोमीटर चढला, मनिलाचा विमानतळ बंद पडला, आणि ताआल गावातील लोकांसही घरे सोडून दूर जावे लागले. काही आठवड्यांनी ते परतले. बेटावर मात्र आता कोणास राहण्याची परवानगी नाही.

आम्ही खाणावळीच्या मालकिणीस विचारले, "बाई, भीती वाटत नाही का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "वाटते ना. पण राख पडली की पुढे जमीन चांगली पिकते. आणि जावे तरी कुठे? आमची माणसे येथे आहेत." आम्हांस प्रथम हे उत्तर अपुरे वाटले. मनिलाकडे परतताना अंधारात त्याचा पुन्हा विचार केला तेव्हा ते पुरेसे वाटले. बाईंच्या पूर्वजांनी जागा सोडली होती, माणसे सोडली नव्हती. म्हणून बदली होऊनही गाव ताआलच राहिले.

तागायतायच्या कड्यावर मोटार थोडी थांबवली. सरोवर दिसत नव्हते, तीरावरचे दिवे तेवढे लुकलुकत होते. आमचे कोयनेकाठचे मित्र त्या दिव्यांकडे पाहत राहिले. मग आपण होऊनच म्हणाले, "यंदा भैरोबाच्या यात्रेला मुलांना घेऊन जाईन म्हणतो. नव्या गावच्या. मला आजवर कोणी मूळ गाव विचारले की मी पाण्याखालच्या गावाचे नाव सांगत असे." आम्ही विचारले, "आता कोणते सांगाल?" ते म्हणाले, "अहो, नाव तर एकच आहे."